शेवटच्या पानावरची ओळ : तरवडी, मंडाले आणि साप्ताहिकांची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, ब्रह्मदेशातली बातम्यांची साप्ताहिकं आणि आपला नगर जिल्हा, यांची गाठ तुम्ही कुठे घालणार?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करू. ही गाठ एका ओळीत आहे. कोणतंही मराठी वर्तमानपत्र हातात घ्या. शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक टायपात एक ओळ असते. हे पत्र अमक्याने तमक्या छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक. पूर्वी त्याच्यापुढे पीआरबी कायद्याचा उल्लेखही हमखास असायचा. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही. क्रिकेटचा धावफलक वाचून झाला की माणूस पान घडी घालून ठेवतो. पण वृत्तपत्राचा इतिहास लिहायचा तर आमच्या मते अग्रलेखाआधी ही ओळ वाचली पाहिजे.

ही ओळ आली १८६७ च्या कायद्याने. छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी, असं त्याचं सौम्य नाव. कागद कुणी छापला, कुठे छापला, हे प्रत्येक छापील कागदावर आलंच पाहिजे, अशी त्यातली अट. मजकुरावर तो कायदा काही बोलत नव्हता. त्याला फक्त पत्ता हवा होता. सत्तावन्नचा उठाव होऊन दहाच वर्षं झाली होती. उद्या काही भलतंसलतं छापून आलं तर शिपाई कुठल्या दारावर पाठवायचा, हे सरकारला आधी माहीत हवं होतं. हाच नियम पुण्याला लागू, नगरला लागू आणि रंगूनलाही लागू, कारण ब्रह्मदेशाचा दक्षिण भाग तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. १८८५ मध्ये मंडाले पडलं, राजा थिबाला पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि मग उत्तर ब्रह्मदेशही त्याच कायद्यांखाली आला. १ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश वेगळा झाला, तोपर्यंत तो हिंदुस्थानचा एक प्रांत होता. ही गोष्ट आपण सहज विसरतो. रंगूनचा संपादक आणि नगरचा संपादक, दोघांच्या डोक्यावर टांगती तलवार एकच होती.

आता नगरकडे येऊ. आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण जुने कागद वाचताना जुनंच नाव तोंडात येतं, तेवढं चालवून घ्या.

नगरला नियतकालिकाची परंपरा चांगलीच जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केला तो १८४२ साली, नगरलाच. संपादक हेन्री बॅलंटाईन. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. पण त्यात विज्ञान होतं, बातम्या होत्या, वादविवाद होते. थोड्याच वर्षांत त्याचं बिऱ्हाड मुंबईला हललं. आम्ही त्याच्यावर फार थांबत नाही, कारण मिशनच्या पाठीशी पैसा होता, माणसं होती आणि राज्यकर्त्यांचा धर्म होता. ज्याच्या पाठीशी यातलं काहीच नाही, असा माणूस पत्र काढतो तेव्हा काय होतं, ते आज पाहायचं आहे.

तो माणूस म्हणजे मुकुंदराव पाटील. सत्यशोधकांमध्ये 'दीनमित्रकार' म्हणूनच ओळखले जातात. जन्म १८८५. वडील कृष्णराव भालेकर, महात्मा फुल्यांचे सहकारी, ज्यांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात 'दीनबंधु' सुरू केला. कष्टकरी बहुजनांचं म्हणता येईल असं ते पहिलं मराठी पत्र. पुढे ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलं. मुकुंदराव पाटील घराण्यात दत्तक गेले. त्या घरातल्या गणपतराव पाटलांनी १८८८ मध्ये 'दीनमित्र' नावाचं मासिक काढलं होतं, पण ते अकाली गेले आणि मासिकही थांबलं. म्हणजे मुकुंदरावांना जन्मदात्या घरातून एक पत्र आणि दत्तक घरातून दुसरं पत्र, असा दुहेरी वारसा मिळाला. आमच्याकडे जमिनी वारसाने येतात, भांडणं वारसाने येतात. बंद पडलेलं पत्र वारसाने आलं आणि वारसाने ते परत सुरू केलं, असं उदाहरण विरळा.

१९१० साली त्यांनी 'दीनमित्र' साप्ताहिक म्हणून सुरू केलं. पाथर्डी तालुक्यात, सोमठाण्याला. नंतर ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीला आलं आणि तरवडीचंच झालं. हे पुन्हा ऐका. पुणं नाही, मुंबई नाही, जिल्ह्याचं ठिकाणही नाही. तालुक्याचंही नाही. खेडं. सभोवती ज्वारी-बाजरीची शेतं, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. तिथे छापखाना, तिथे शिशाचे खिळे, तिथे जुळारी, तिथेच संपादक. शेवटच्या पानावरच्या ओळीत मुक्काम कुठला, तर एका खेड्याचा. त्यामुळे ग्रामीण भागातून निघालेलं देशातलं पहिलं साप्ताहिक, असा त्याचा उल्लेख केला जातो. पहिलं-दुसरं हे मोजमाप आम्हाला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं हे, की ते १९६७ पर्यंत, मुकुंदरावांच्या निधनापर्यंत चाललं. सत्तावन्न वर्षं. पहिलं महायुद्ध, प्लेग, इन्फ्लुएन्झा, दुष्काळ, दुसरं महायुद्ध, कागदटंचाई, स्वातंत्र्य, संयुक्त महाराष्ट्र, या सगळ्यातून.

खेड्यातून पत्र काढायचं म्हणजे काय, हे आजच्या तरुणांनी डोळ्यांसमोर आणावं. खिळा झिजला की नवा बाहेरून आणायचा. कागद संपला की शहराकडे माणूस धाडायचा. अंक छापला, घड्या घातल्या, पत्ते चिकटवले की गठ्ठा टपालात. नोंदलेल्या वृत्तपत्राला टपालात सवलतीचा दर असे, त्या सवलतीवर असली पत्रं जगत. वर्गणीदार म्हणजे शेतकरी. शेतकऱ्याची वर्गणी सुगीवर अवलंबून. पाऊस नाही तर वर्गणी नाही, आणि आपल्या जिल्ह्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मुकुंदराव स्वतः शेतीवाडी असलेले पाटील होते, म्हणून हे निभावलं. पत्राने घर चालवलं नाही, घराने पत्र चालवलं.

आणि लिहीत काय होते? 'आसुडाचे फटके' नावाचं त्यांचं सदर होतं. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची आठवण नावातच आहे. १९१३ साली त्यांचं 'कुलकर्णी लीलामृत' आलं. पोथीचा थाट घेतलेलं, पण विषय गावच्या कुलकर्ण्याच्या लीला. दप्तर, सातबारा, सही-अंगठा यांतून निरक्षर माणसाला कसं नागवलं जातं, ते त्यात आलं. सावकारावर 'शेटजी प्रताप', शास्त्री-पंडितांवर 'ढढ्ढाशास्त्री पराने' ही कादंबरी. पोथीचं रूप का घेतलं? कारण पोथी गावात वाचली जात होती. एकाने वाचायची, पन्नासांनी ऐकायची, ही सवय आधीपासून होती. ज्या नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली त्याच तालुक्यातला हा माणूस, गावाचे कान कशाने उघडतात हे त्याला सांगायला नको होतं. त्यामुळे 'दीनमित्र'चा वाचक आणि 'दीनमित्र'चा श्रोता यांत फरक करावा लागतो. अंक एका घरी यायचा, ऐकायची आळी.

आता १९१० चा हिवाळा. या हिवाळ्यावर आम्हाला थोडं रेंगाळायचं आहे.

सोमठाण्याला 'दीनमित्र'चे पहिले अंक छापले जात असताना, 'केसरी'चे संपादक मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते. १९०८ च्या मे-जूनमधल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, २२ जुलैला न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, आणि मग मंडाले. रत्नागिरीत जन्मलेला संपादक मंडालेला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला, या अदलाबदलीवर आमच्या लहानपणी मास्तर लोक हमखास बोलत. ते असो. मुद्दा असा, की 'दीनमित्र' आणि 'केसरी' यांचं सामाजिक प्रश्नांवर अजिबात जमणारं नव्हतं. टिळकांची लेखणी ज्या समाजाच्या बाजूने चाले, त्या समाजाच्या गावातल्या सत्तेवर मुकुंदरावांचा आसूड चालत होता. एकाने सरकारला अंगावर घेतलं आणि मंडाले गाठलं. दुसऱ्याने कुलकर्णी, भटजी, सावकार यांना अंगावर घेतलं आणि तो आपल्या घरीच राहिला.

इथे हमखास एक आक्षेप येतो. ब्राह्मणेतर पत्रांचं काय कौतुक, ती तर सरकारला धरून होती, त्यांना तुरुंग कुठे पाहावा लागला? हा आक्षेप निम्मा खरा आहे आणि म्हणून तो टाळू नये. सत्यशोधक पत्रांचा सूर इंग्रजांबद्दल बराच मऊ होता, हे त्यांचे अंक वाचणाऱ्याला दिसतं. पण आक्षेप घेणारा एक गोष्ट गृहीत धरतो, की धोका म्हणजे सरकारचाच. पुण्यात राहून पाटील-कुलकर्ण्यांवर लिहिणं वेगळं आणि तरवडीत राहून लिहिणं वेगळं. तिथे ज्याच्याबद्दल लिहिलं तो उद्या सकाळी पारावर भेटणार. त्याच्या हातात तुमच्या जमिनीचे कागद आहेत. तुमच्या घरचं लग्न लावायला कोण येणार, हे तो ठरवणार. सत्यशोधकांनी पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली त्यामागे तत्त्व होतंच, पण बहिष्काराला उत्तर म्हणूनही ती सोय लागत होती. सरकारने घातलेला तुरुंग सहा वर्षांनी संपतो. गावाने घातलेला तुरुंग मोजायला कॅलेंडर नसतं.

त्याच वर्षी, १९१० च्या फेब्रुवारीत, नवा प्रेस ॲक्ट आला. या कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. नुसता पत्ता पुरेना, आता अनामत मागायची. नवा छापखाना काढणाऱ्याने पाचशे ते दोन हजार रुपये सरकारकडे ठेवायचे. आक्षेपार्ह काही छापलं की अनामत जप्त, आणि पुढची अनामत दहा हजारांपर्यंत. खटला नाही, आरोपीचा पिंजरा नाही, हुतात्मा होण्याची सोय नाही. संपादकाला तुरुंगात टाकलं की लोक जमतात. छापखान्याची अनामत जप्त केली की फक्त छापखाना बंद पडतो. या कायद्याने ज्यांची पत्रं बुडवली त्यांपैकी एक होते मौलाना आझाद. त्यांचं 'अल-हिलाल' कलकत्त्याहून निघे. आधी दोन हजारांची अनामत जप्त झाली, मग दहा हजार मागितले गेले आणि पत्र थांबलं. हेच मौलाना १९४२ ते ४५ आपल्या नगरच्या किल्ल्यात होते, नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव यांच्यासोबत. त्या किल्ल्यात काही काळ इतके माजी संपादक एकत्र होते, की सरकारने कागद पुरवला असता तर बरं दैनिक निघालं असतं.

ब्रह्मदेशात याच सुमारास, १९११ साली, रंगूनला 'थुरिया' सुरू झालं. बर्मी माणसांनी काढलेलं बर्मी भाषेतलं राष्ट्रीय बाण्याचं पत्र. थुरिया म्हणजे सूर्य. शब्द आपलाच आहे, पालीच्या वाटेने गेलेला. बर्मी नियतकालिकांची नावं ऐकताना मराठी माणसाने कान टवकारावेत. 'हंथावडी' म्हणजे हंसावती. 'इरावडी' म्हणजे ऐरावती. 'मिझिमा' म्हणजे पालीतला मज्झिम, मधला. आणि मंडालेचं 'लूदू', म्हणजे जनता, लोक. 'दीनबंधु', 'दीनमित्र', 'लूदू'. नावाच्या जागी वाचकाचंच नाव लावायचं, ही पद्धत दोन्हीकडे दिसते.

'लूदू'ची गोष्ट थोडक्यात सांगतो. ऊ ल्हा आणि दॉ अमर हे नवरा-बायको. ऊ ल्हांचा जन्म १९१० चा, म्हणजे साप्ताहिक 'दीनमित्र'च्या वयाचे. महायुद्ध संपता संपता त्यांनी मंडालेत 'लूदू' आधी नियतकालिक म्हणून आणि मग दैनिक म्हणून काढलं. राजधानी रंगून, यांचा पत्ता मंडाले. छापखाना आणि घर एकाच ठिकाणी. १९४९ मध्ये, ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यानंतर, सरकारी फौजेने कम्युनिस्टांशी सलगीच्या संशयावरून तो छापखाना सुरुंग लावून उडवला. कुटुंबाला रस्त्यावर रांगेत उभं केलं. भिक्षू आणि शेजारीपाजारी मध्ये पडले म्हणून गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत. १९५३ मध्ये ऊ ल्हा तुरुंगात गेले. तिथे त्यांनी काय केलं? सोबतच्या साध्या कैद्यांच्या, चोर-दरोडेखोरांच्या कहाण्या विचारून लिहून काढल्या. पत्रकाराला तुरुंगातही बातमीदारी सुटत नाही. 'लूदू' शेवटी बंद पाडलं ते लष्करशहा ने विनच्या सरकारने, १९६७ साली. त्याच वर्षी इकडे तरवडीत 'दीनमित्र' थांबलं. एक संपादकाच्या मृत्यूने, दुसरं सरकारी कुलपाने. या योगायोगातून आम्हाला काही सिद्ध करायचं नाही. दोन्ही पत्रांचं वय मोजताना तो समोर आला, इतकंच.

आता, ब्रह्मदेशात बातम्यांची साप्ताहिकंच का वाढली, दैनिकं का नाहीत? हे समजून घेतल्याशिवाय तिथल्या पत्रकाराचं काम समजत नाही. २ मार्च १९६२ ला ने विनने सत्ता घेतली. पाठोपाठ छपाईचा नवा कायदा आला, आणि त्या दशकात खासगी दैनिकं बंद तरी झाली किंवा सरकारच्या ताब्यात तरी गेली. 'नेशन'चे संपादक एडवर्ड लॉ-योन १९६३ मध्ये पकडले गेले. यापुढे पन्नास वर्षं रोजची बातमी ही सरकारची मक्तेदारी. खासगी माणसाला काढायचंच असेल तर मासिक, आणि नंतरच्या काळात साप्ताहिक, ज्याला तिथे 'जर्नल' म्हणतात. तेही छापण्याआधी तपासणी मंडळाला दाखवायचं. साप्ताहिकालाच परवानगी का? कारण साप्ताहिक तपासायला वेळ मिळतो. ताजी बातमी तपासणीच्या टेबलावर शिळी होते. नको तो परिच्छेद छापून झाला असेल तर त्यावर काळी किंवा चंदेरी शाई फासायची, पान फाडायचं.

अशा वेळी माणसं काय करतात? खेळाचं साप्ताहिक काढतात. १३ नोव्हेंबर २०१० ला आँग सान स्यू ची नजरकैदेतून सुटल्या. 'फर्स्ट इलेव्हन' नावाच्या फुटबॉलच्या जर्नलने इंग्लंडमधल्या सामन्यांचे निकाल मथळ्यात दिले. तपासणी मंडळाने काळ्या-पांढऱ्या प्रतीवर पाहिलं, फुटबॉल आहे म्हणून सोडलं. अंक छापून आला तेव्हा मथळ्यातली काही अक्षरं वेगळ्या रंगात होती, आणि तेवढीच अक्षरं वाचली तर निरोप निघत होता, की सू मुक्त झाली, एक व्हा, पुढे चला. जर्नलवर दोन आठवडे बंदी आली. मुकुंदरावांनी पोथीच्या पोटात कुलकर्णी घातला, यांनी फुटबॉलच्या पोटात सुटकेची बातमी घातली. तपासनीस नेहमी मजकूर वाचतो. वाचक कुठे पाहणार, हे त्याला कळत नाही.

यापेक्षा कठीण वाट विन टिन यांची. ते मंडालेच्या 'हंथावडी'चे संपादक होते. पत्र १९७८ मध्ये बंद केलं गेलं. १९८८ च्या आंदोलनात ते पुढे आले आणि जुलै १९८९ मध्ये तुरुंगात गेले, ते बाहेर आले सप्टेंबर २००८ मध्ये. एकोणीस वर्षं. कोठडीत कागद-पेन नाही, तर विटेच्या भुकटीची शाई करून ते लिहीत. सुटल्यानंतरही मरेपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, कैद्यांचा निळा सदरा त्यांनी अंगावर ठेवला, कारण सहकारी अजून आत होते.

आणि मग काही पत्रांनी ती ओळच टाकून दिली. शेवटच्या पानावरचा पत्ता. आँग झॉ यांनी १९९३ मध्ये 'इरावडी' थायलंडमध्ये सुरू केलं. 'मिझिमा' तर १९९८ मध्ये आपल्या दिल्लीत सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी सो मिंट यांची कथा विलक्षण आहे. १९९० मध्ये, विद्यार्थी असताना, साबण आणि बुद्धमूर्तीचा खोटा बॉम्ब दाखवून त्यांनी आणि एका साथीदाराने बँकॉक-रंगून विमान कलकत्त्याला उतरवलं, जगाने आमच्या देशाकडे पाहावं म्हणून. कुणाला इजा झाली नाही. पुढे २००३ मध्ये भारतीय न्यायालयातून ते निर्दोष सुटले. विमान वळवणं समर्थनीय आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण विमान पळवून जे साधलं नाही ते एका भाड्याच्या खोलीतून बातम्या पाठवून साधलं, हे त्याच माणसाच्या आयुष्यात दिसतं.

निर्वासनातलं पत्र सरकारच्या हातून सुटतं. पण वाचक तिकडे, बातमी तिकडे आणि संपादक इकडे. म्हणजे धोका संपत नाही, तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. आत राहून फोटो काढणारा, फोनवरून माहिती देणारा जो बातमीदार असतो, त्याचं नावसुद्धा छापायचं नसतं. तरवडीत उलटं होतं. संपादकाचं नाव, गाव, छापखाना सगळं उघड आणि तोच लिहिणारा. ज्याने लिहिलं त्यानेच सोसलं.

मधली काही वर्षं बरी गेली. २० ऑगस्ट २०१२ ला छपाईपूर्व तपासणी रद्द झाली, १ एप्रिल २०१३ पासून खासगी दैनिकांना परवानगी मिळाली. 'मिझिमा' दिल्लीहून रंगूनला परतलं. शेवटच्या पानावरची ओळ पुन्हा आली. आणि १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. ८ मार्चला पाच संस्थांचे परवाने रद्द झाले, त्यांत 'मिझिमा' एक. दंडविधानात ५०५-क हे नवं कलम घातलं गेलं, ज्यात भीती पसरवणारी किंवा खोटी बातमी दिली म्हणून तीन वर्षं तुरुंग. त्या डिसेंबरमध्ये सो नाइंग नावाच्या छायाचित्रकार पत्रकाराचा कोठडीत मृत्यू झाला. त्याला पकडलं त्या दिवशी लोकांनी सरकारविरोधात मौन पाळून घरात राहायचं ठरवलं होतं. तो ओस पडलेल्या रस्त्यांचे फोटो काढायला बाहेर पडला होता.

मात्र इथपर्यंत ऐकून असं चित्र मनात बसू नये, की पत्रकार सगळे शूर आणि सरकार तेवढं वाईट. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, दोन भिन्न गोष्टी एका टोपलीत घातल्या की आम्हाला चैन पडत नाही. पत्र बंद पाडू शकणारा एक असतो आणि पत्र वाचणं सोडू शकणारा दुसरा असतो. पहिल्यासमोर धैर्य दाखवणारा दुसऱ्यासमोर दाखवेलच, असं नाही. कांटने १७८४ च्या आपल्या निबंधात बुद्धीचा जाहीर वापर करण्याचं स्वातंत्र्य मागितलं ते राजाकडे. वाचकाकडे ते मागावं लागेल, असं त्याच्या मनात आलं नाही. दहा वर्षांनी राजानेच त्याला धर्मावर लिहायला मना केलं, तो भाग वेगळा.

ब्रह्मदेशात ही परीक्षा रोहिंग्यांच्या प्रश्नावर झाली. लष्कराशी झुंजलेल्या काही पत्रांनीही या प्रश्नावर लष्कराचेच शब्द उचलले. त्यांना त्या देशाचे मानायलाच वाचक तयार नव्हता आणि पत्र वाचकाला दुखवायला तयार नव्हतं. ज्यांनी दुखवलं त्यांत वा लोन आणि क्यॉ सो ऊ हे रॉयटर्सचे दोन बातमीदार. सप्टेंबर २०१७ मध्ये इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांना मारून पुरलं गेलं, त्याचा माग हे काढत होते. यांतले क्यॉ सो ऊ हे राखाइन प्रांतातले बौद्ध, म्हणजे ज्या समाजाच्या काही जणांचा या हत्येत हात होता त्याच समाजाचे. १२ डिसेंबरला पोलिसांनी दोघांना जेवायला बोलावलं, हातात काही कागद ठेवले आणि बाहेर पडताच अटक केली. शिक्षा सात वर्षं. ५०० हून अधिक दिवस आत काढल्यावर मे २०१९ मध्ये ते सुटले. हत्येबद्दल दहा वर्षांची शिक्षा झालेले सात सैनिक त्याआधीच, वर्षभरही न काढता, बाहेर आले होते.

या कसोटीवर 'दीनमित्र' कसं उतरतं? मुकुंदरावांनी भटजी-सावकारांवर लिहिलं, त्याला त्यांचा वाचक टाळ्या देणारच होता. पण सत्यशोधक पत्रांनी आपल्याच वाचकाच्या नवस-सायासांवर, देवीपुढच्या बोकडावर, ऐपतीबाहेरच्या लग्नावरही कोरडे ओढले. कर्ज काढून वाजंत्री लावणारा पाटील हाच वर्गणीदार आणि त्याच्याच ओट्यावर अंक वाचला जाणार. वर्गणी सुगीवर आहे हे माहीत असताना हे छापायचं. आमच्या मते मुकुंदरावांची खरी किंमत इथे ठरते, कुलकर्ण्यांवरच्या उपहासापेक्षा इथे जास्त. ब्रह्मदेशातही २०२१ नंतर, लष्कराच्या गोळ्या बहुसंख्य बर्मींवर झाडल्या जाऊ लागल्यावर, अनेकांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. तेव्हा कुठे काही पानांवरचे शब्द बदलले.

शेवटी परत कायद्याकडे. १८६७ चा तो पत्ता मागणारा कायदा भारतात नुकताच गेला. २०२३ मध्ये नवा कायदा झाला आणि मार्च २०२४ पासून लागू झाला. वा लोन आणि क्यॉ सो ऊ यांना ज्या कायद्याखाली शिक्षा झाली तो मात्र १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा. ब्रह्मदेश हिंदुस्थानचा प्रांत असताना केलेला, आपल्या आणि त्यांच्यासाठी एकच. शंभर वर्षं उलटून गेली. तो दोन्ही देशांत अजून लागू आहे.

इथे थांबतो. वेळ आहे तोवर प्रश्न घेऊ.